अकरा चाळीसचं पॅकेज

“हर्षला, दोन मिनिटं देतेस का? म्हणजे, जुईबाई सोडणार असतील तर.”

मकरंद सर माझ्या टेबलाशी उभे होते. शेजारचे दोघं हसले. जुई माझी मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. ती दीड किलोमीटरवर लोखंडे काकूंच्या पाळणाघरात झोपलेली असणार होती आणि मी ‘खोलीचे दार नीट लागत नसल्यास काय करावे’ हा परिच्छेद लिहीत होते.

“बोला ना, सर.”

“तबस्सुम भावाच्या लग्नाला मालेगावला गेलीय, सोमवारपर्यंत तपासायला कुणी नाही. आणि शुक्रवारी दिंडोरीच्या शीतगृहात नवीन व्हर्जन टाकायचंय. मॅडमच्या नियमाने पॅकेजवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. तू एकदा टेस्ट चालव आणि सही करून टाक.”

“मी?”

“अगं, स्क्रिप्ट तुझीच तर आहे. तुला डाव्या हाताचा मळ. माझ्याच मशीनवर बस, तुझ्याकडे सगळं डाउनलोड करत बसावं लागेल. आणि उगाच खोलात जाऊ नकोस, पास झालं की झालं.”

ती मंगळवारची सकाळ होती. फेब्रुवारी, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात.

अंबडच्या आमच्या त्या छोट्या कंपनीत शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. द्राक्षं काढल्यावर ज्या थंड खोल्यांत ठेवतात, तिथल्या भिंतीवर एक लिनक्सचा छोटा कॉम्प्युटर असायचा. तापमान वाचायचं, कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, काही बिघडलं तर ऑपरेटरला फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. त्या कॉम्प्युटरवर जे बसवायचं ते पॅकेज आम्ही नाशकात बनवायचो आणि तपासून तिकडे पाठवायचो. पाठवायची जबाबदारी बाळंतपणाआधी चार वर्षं माझ्याकडे होती. चार वर्षांत एकही पॅकेज परत आलं नव्हतं.

रजेवरून आल्यावर दीड महिन्याने, जुलैत, एक पॅकेज अकरा शीतगृहांत बंद पडलं. खोल्यांत बेदाणा होता म्हणून निभावलं. मी ते आदल्या दिवशी साडेपाचला तपासून, सही करून निघाले होते. जुईला ताप होता. माझ्यामागे मकरंद सरांनी त्यात बदल केला, नंबर तोच ठेवला आणि पाठवून दिलं. एकाच नंबराची दोन वेगळी पॅकेजं, हे आमच्या धंद्यात पाप समजतात. जुनी फाइल पुसली गेली, त्यामुळे माझ्या हातात दाखवायला काही उरलं नाही.

“जुईला बरं नव्हतं, त्यामुळे हर्षला घाईत होती,” सर मीटिंगमध्ये म्हणाले. “मी तिला दोष देत नाही. आई आहे ती.”

“फाइल बदललीय,” मी म्हणाले. “मी तपासलेली ती ही नव्हे.”

“वाटतं गं असं,” ते म्हणाले. “झोप झालेली नसते ना.”

इतक्या मायेने म्हणाले की इनामदार मॅडमसुद्धा माझ्याकडे मायेने बघायला लागल्या. कंपनी त्यांचीच होती. त्या मायेतच त्यांनी मला पॅकेजवरून काढलं आणि ऑपरेटर लोकांसाठी मराठीत मदतपुस्तिका लिहायला बसवलं. सात महिने मी दार लागत नसल्यास काय करावे ते लिहीत होते. मी रोज एकच विचार करायचे. माझ्या मुलीचं नाव या माणसाने तोंडात घेतलं आणि मला बाहेर काढलं.

मला माझं काम परत हवं होतं. आणि ते मकरंद सरांच्या हातून चारचौघांत पडून माझ्याकडे यायला हवं होतं. नुसतं परत मिळून भागणार नव्हतं.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. ते चहाला गेले.

कंटेनर म्हणजे काय हे मी माझ्या सासूबाईंना एकदा सांगितलं होतं. समजा, तुम्ही एखादा पदार्थ लिहून दिला. तो बरोबर लिहिलाय की नाही हे स्वतःच्या स्वयंपाकघरात करून कळणार नाही, कारण यादीत मीठ लिहायचं राहिलं तरी हात आपोआप डब्याकडे जातो. म्हणून तो रिकाम्या खोलीत करून बघायचा. तिथे यादीत आहे तेवढंच मिळतं. कॉम्प्युटरच्या आत मांडलेली अशी रिकामी खोली म्हणजे कंटेनर. पॅकेज त्यात बनवायचं, त्यातच बसवून बघायचं. काही मागायचं राहिलं असेल, तर ते गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी इथेच कळतं.

टेस्ट चालवली. पास. हिरवी अक्षरं सरसर खाली आली.

मग मी स्क्रिप्ट, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या आज्ञांची फाइल, उघडली. आई झाल्यापासून मला एक सवय लागली होती. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी नको ते दिसायचं. जमिनीवरची टाचणी, उघडं सॉकेट, सोफ्याखालचा शेंगदाणा. सव्वाशे ओळींत एक ओळ माझी नव्हती. त्या ओळीने सरांचं स्वतःचं फोल्डर कंटेनरला जोडलं होतं. दर वेळी डाउनलोड नको, वेळ वाचावा म्हणून केलं असणार. म्हणजे रिकाम्या खोलीला त्यांनी घरच्या स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं होतं. टेस्ट पास होणारच.

मी माझ्या टेबलावर आले. ती ओळ काढून खऱ्या रिकाम्या कंटेनरमध्ये तेच पॅकेज बनवलं आणि बसवलं. लगेच आपटलं. सेन्सर वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, सापडत नव्हती. ती लागते हे यादीत लिहिलंच नव्हतं. मी यादीत एक नाव वाढवलं, पुन्हा बनवलं, पुन्हा चालवलं. पास. आठ-दहा मिनिटांचं काम.

बरोबर झालेलं ते पॅकेज मी माझ्या फोल्डरमध्ये ठेवून दिलं.

“झालं का गं?” सर चहाचा कप घेऊन आले.

“तुमच्या मशीनवर पास आहे.”

“मग कर सही.”

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘मकरंद सरांच्या मशीनवर, सरांच्या स्क्रिप्टने चालवले. पास.’ खाली सही. त्यांनी वाचलं नाही. सही आहे एवढं बघितलं.

“बघ, जमतंय की अजून,” ते म्हणाले.

बुधवारी मी सांगू शकत होते. गुरुवारीही. गुरुवारी सर माझ्या समोरून तीनदा गेले. एकदा तर थांबून म्हणाले, “काय गं, चेहरा का असा? पोरीने जागवलं वाटतं?” मी हसले. नवऱ्यालासुद्धा मी काही सांगितलं नव्हतं. अजिंक्यचा स्वभाव असा की त्याने मला फोन लावायला लावला असता.

शुक्रवारी दुपारी सव्वातीनला दिंडोरीहून फोन आला. मी हातातच धरून बसले होते.

“हर्षला, स्पीकरवर आहेस.” सरांचा आवाज चढलेला होता. “पॅकेज बसतंय, पण सुरू होत नाहीये. सेन्सरची लायब्ररी नाही म्हणतंय.”

“बरं. मग जुनं परत टाका की.”

“जुनं काढलंय. ते या नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “तीन नंबर, पावणेदोन!”

“पावणेदोन काय?” मी विचारलं.

“तापमान गं, शून्याच्या आसपास हवं,” इनामदार मॅडमचा आवाज आला. सात नव्या शीतगृहांचं काम मिळायचं होतं म्हणून त्या स्वतः गेल्या होत्या. “तिसऱ्या खोलीत सकाळीच माल भरलाय. कॉम्प्रेसर बंद पडलाय.”

मला वाटलं होतं, करून दाखवायचं म्हणजे रिकाम्या खोलीत. फार तर सरांची मान खाली जाईल. द्राक्षांचा विचार माझ्या हिशेबात कुठेच नव्हता.

“हाताने चालू करा ना! स्विच आहे पॅनलला.”

“नव्या पॅनलला बसवायचा राह्यलाय तो,” एक जाड आवाज म्हणाला. ते शीतगृहाचे चेअरमन, गांगुर्डे आप्पा. “ओ ताई, आठशे क्रेट हायेत आत. उद्या सकाळी गाडी लागायचीय. काय करायचं ते लवकर सांगा बरं.”

फाइल माझ्या समोर होती. एक बटण दाबायचं होतं.

मी ते दाबलं नाही.

“सर,” मी म्हणाले, “टेस्ट केली तेव्हा कंटेनर रिकामा होता का?”

“टेस्ट तू केलीस.”

“तुमच्या मशीनवर, तुमच्या स्क्रिप्टने. रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय. कंटेनर रिकामा होता का?”

“हर्षला, आत्ता हे...”

“मला कळल्याशिवाय मी काय पाठवू, सर?”

“तीन नंबर, एकोणीस!” मागून आवाज. एक पॉइंट नऊ.

“माझं फोल्डर जोडलेलं होतं,” सर म्हणाले.

“आवाज तुटतोय. काय होतं?”

आवाज अजिबात तुटत नव्हता.

“माझं फोल्डर जोडलेलं होतं कंटेनरला!” ते ओरडले. “त्यामुळे इथे काय कमी पडणार ते कळलं नाही. माझी चूक आहे. झालं?”

सात महिन्यांत इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू?

“पाठवतेय,” मी म्हणाले आणि बटण दाबलं.

तिकडे फक्त कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. “दोन!” असं तो माणूस ओरडला आणि त्याच्यावरच कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली. कुणीतरी टाळी वाजवली.

“लागलं, लागलं!” आप्पा म्हणाले. “ओ मॅडम, कोण म्हणायची ही ताई? हिलाच का नाही आणली बरोबर?”

मी खुर्चीत मागे टेकले. मग फोनवर मकरंद सरांचा आवाज आला. आता तो चढलेला नव्हता.

“मॅडम, एक मिनिट. हे बघा जरा.”

“काय आहे?”

“बिल्डची तारीख. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. बनवणारी, हर्षला.”

कुठलंही पॅकेज बनलं की कधी बनलं आणि कुणी बनवलं, ते त्याच्या पोटात आपोआप लिहिलं जातं. ते वाचायला एक साधी आज्ञा पुरते. आणि ती नोंद व्हावी म्हणून चार वर्षांपूर्वी मीच भांडले होते. रोज भाकरी करणाऱ्या बाईला तवा तापलाय हे ठाऊक असतं, तरी बोट टेकतंच.

“हर्षला?” मॅडम म्हणाल्या.

“हो, मॅडम. मंगळवारचंच आहे.”

त्यांनी फोन ठेवला.

शनिवार-रविवार मी जुईला भात भरवताना फोनकडे बघत राहिले. दोनदा तिचा घास तिच्या कानाला लागला. नोकरी जाणार असं मी धरून चालले होते. पाळणाघराच्या काकूंना महिनाअखेर काय सांगायचं, तेही जुळवून ठेवलं. पण तो ओरडलेला आवाज आठवला की आतून बरंच वाटायचं. त्याचं मी काय करू?

सोमवारी मॅडमनी दोघांना आत बोलावलं.

“बसा. मकरंद, आधी तू. जुलैमध्ये हिने सही केल्यावर तू पॅकेज बदललंस?”

सर माझ्याकडे बघेनात. “एकच ओळ बदलली होती, मॅडम.”

“मग नंबर का नाही बदललास?”

“नंबर बदलला असता तर परत हिच्याकडे तपासायला द्यावं लागलं असतं. ही निघून गेली होती.”

“मग सकाळपर्यंत थांबायचं होतंस.”

मॅडम थांबल्या नाहीत.

“आणि मीटिंगमध्ये पोरीचा ताप काढलास. मीही ऐकून घेतलं. माझी दोन्ही पोरं पाळणाघरातच वाढली, तरी ऐकून घेतलं.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “आता तू. मंगळवारी तुला कळलं होतं.”

“हो.”

“खोलीत माल आहे, हे?”

“नव्हतं माहीत.”

“माहीत असतं, तर सांगितलं असतंस?”

मी क्षणभर थांबले. “हो.”

“थांबलीस तू.”

“हो, मॅडम.”

“फोनवरसुद्धा थांबलीस. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. तीन मिनिटं. पाव डिग्री गेली त्यात.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आप्पांना मी सांगितलं, आमची मुलगी आधीच दुसरं पॅकेज तयार ठेवते, अशी आमची पद्धत आहे. सात शीतगृहांचं काम मिळालं त्यावर. खोटं बोलायला लावलंत मला.”

“मी राजीनामा लिहून आणलाय,” मी म्हणाले.

“फाड तो. मकरंद, तू आणला असशील तर तूही फाड. तुम्हा दोघांना काढून नवे दोघं आणीन मी, पण ते एकमेकांच्या कामावर एवढा डोळा ठेवणारे नसतील.” त्यांनी रजिस्टर आमच्या मधोमध सरकवलं. “आजपासून तुझं पॅकेज हा तपासणार. त्याचं तू. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कंटेनरमध्ये. चूक सापडली तर त्याच दिवशी लिहून द्यायची. मनात दाबून ठेवलेली चूक मला पुन्हा दिसली, तर जो दाबेल तो घरी. जा आता.”

बाहेर आल्यावर सर पुटपुटले, “मॅडमना वाटतंय आपण सुधारू.”

“तसं काही त्यांना वाटलेलं दिसलं नाही,” मी म्हणाले.

पुढचं पॅकेज मी बनवलं. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. प्रत्येक ओळ चारदा वाचली. तीन वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवून पाहिलं: नवा कॉम्प्युटर, जुना कॉम्प्युटर आणि एक जो आता फक्त निफाडला एका ठिकाणी उरला होता. सरांकडे पाठवलं तेव्हा माझी खात्री होती की त्यांना टाचणीसुद्धा सापडणार नाही.

त्यांचं पॅकेजही त्याच सकाळी माझ्याकडे आलं. मी शोधायला बसले. यादीत कमी काही नव्हतं, जास्तही नव्हतं. वीज मध्येच गेली तर काय, नेट नसलं तर काय, सगळं करून पाहिलं. जेवणाचा डबा उघडला नाही. चार वाजले तरी हाताला काही लागेना आणि मला अक्षरशः रडू यायला लागलं.

सर पाणी प्यायला म्हणून माझ्या बाजूने गेले आणि थांबले.

“सापडली?”

“अजून नाही.”

“शोध, शोध. मीपण शोधतोय.” ते गेले नाहीत. ग्लास हातात तसाच होता. “एक विचारू? मंगळवारी मला सांगितलं असतंस, तर काय बिघडलं असतं?”

“काही नाही. तुम्ही थँक्स म्हणाला असता, ओळ वाढवली असती आणि शुक्रवारी तुमच्या नावाने पॅकेज गेलं असतं. मी आत्ता मदतपुस्तिका लिहीत असते.”

मला वाटलं, ते नाही म्हणतील. वाटतं गं असं, म्हणतील. ते खिडकीबाहेर कुठेतरी बघत राहिले. त्यांनी खरंच विचार केला.

“हो,” ते म्हणाले. “तसंच झालं असतं.”

आणि जागेवर जाऊन बसले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्यातली पाच आम्ही समोरासमोर बसून एकमेकांची पॅकेजं तपासली. त्या पाच वर्षांत एकमेकांना एकदाही माफ केलं नाही आणि एकही पॅकेज परत आलं नाही.

त्या पहिल्या दिवशी पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना सरांचा मेल आला. माझ्या पॅकेजमध्ये त्यांना तीन चुका सापडल्या होत्या. मी वाद घालायच्या तयारीने तो उघडला, पहिली चूक वाचली, दुसरी वाचली, मग तिसरी. नवा कंटेनर उघडला आणि तिन्ही करून पाहिल्या.

तिन्ही खऱ्या होत्या.